नऊ जणांना नेमकं काय सांगितलं होतं?

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) कुठून सुरू होतो, असं तो पाहिलेल्या कुणालाही विचारा. बहुतेक जण सांगतील, ज्यूरीच्या खोलीतून. उकाडा, घामाने भिजलेले शर्ट, लांबलचक टेबल आणि अकरा जणांविरुद्ध एकटा हात वर करणारा हेन्री फोंडा. पण त्याआधी कोर्टातला एक छोटा प्रसंग आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. न्यायाधीश बारा जणांना त्यांचं काम समजावून सांगतो. खुनाचा आरोप आहे, वाजवी शंका वाटली तर आरोपीला सोडा, निकाल एकमताने द्या, दोषी ठरवलंत तर फाशी अटळ आहे. एवढं सगळं तो अशा सुरात उरकतो की कंडक्टरने पुढचा स्टॉप पुकारावा. चेहऱ्यावर शुद्ध कंटाळा. मग बारा जण आत जातात आणि उरलेला सगळा वेळ 'वाजवी शंका' म्हणजे काय हे आपापसांत भांडून शोधून काढतात.

सिडनी ल्युमेटने हा प्रसंग मुद्दाम इतका निर्जीव ठेवला असावा. न्यायाधीशाने आपलं काम नीट केलं असतं, तर फोंडाच्या वाट्याला एवढं काम उरलंच नसतं. गंमत अशी की या सिनेमावर लिहिणारे जवळजवळ सगळे जण त्या बारा माणसांच्या स्वभावांवर, पूर्वग्रहांवर, लोकशाहीवर लिहितात. न्यायाधीशाच्या त्या कंटाळवाण्या भाषणावर कुणी लिहीत नाही. आपल्याकडे बासू चटर्जींनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' केला तेव्हा तर भारतातून ज्यूरी जाऊन डझनभर वर्षं उलटली होती. तरी प्रेक्षकाला काही खटकलं नाही. खोलीत बंद केलेली माणसं एवढंच आपल्याला ज्यूरीबद्दल आठवतं. त्यांना खोलीत पाठवण्यापूर्वी कुणी काहीतरी सांगितलेलं असतं, हे आठवत नाही.

या लेखात मला त्या सांगण्याबद्दल बोलायचं आहे. कायद्याच्या भाषेत त्याला 'चार्ज टू द ज्यूरी' म्हणतात. मराठीत 'चार्ज' म्हटलं की आपल्याला आरोपपत्र आठवतं, म्हणून शब्दापाशीच घोटाळा होतो. हा चार्ज आरोपीवर नसतो, तो ज्यूरीला उद्देशून असतो. दोन्ही बाजूंच्या वकिलांचं बोलून झालं की न्यायाधीशाने ज्यूरीला पुराव्याचा सारांश सांगायचा आणि कायदा समजावून द्यायचा. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे जिच्याखाली आपल्याकडचे बहुतेक गाजलेले ज्यूरी-खटले चालले त्या कायद्यात, कलम २९७ने हे काम न्यायाधीशावर बंधनकारक केलं होतं. कायदा काय ते न्यायाधीश ठरवणार, घटना काय घडली ते ज्यूरी ठरवणार, अशी वाटणी पुढच्या दोन कलमांत होती.

साहित्यप्रकार म्हणून या भाषणाकडे पाहिलं तर तो मोठा चमत्कारिक आहे. एरवी न्यायाधीश लिहितो ते वकिलांसाठी किंवा वरच्या कोर्टासाठी. इथे त्याला अशा माणसांशी बोलायचं असतं ज्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलेलं नाही, आणि जी आत्ता, जेवायच्या वेळेपूर्वी किंवा नंतर, एका माणसाचं आयुष्य ठरवणार आहेत. कायद्याला साध्या बोलीत उतरावं लागतं अशी कोर्टातली ही एकच जागा. पण त्याच वेळी या भाषणाला दुसरा श्रोताही असतो. ज्यूरीच्या निकालावर अपील करायचं तर ते सर्वसाधारणपणे फक्त कायद्याच्या मुद्द्यावर करता येत असे. ज्यूरीने कारणं द्यायची नसतात, मग चूक शोधायची कुठे? न्यायाधीशाच्या भाषणात. कायद्याने त्याला अशा खटल्यात सविस्तर निकालपत्र लिहिण्यातून सूट दिली होती, पण भाषणातले मुद्दे नोंदवून ठेवणं सक्तीचं होतं. त्यामुळे वकील ती नोंद भिंगाखाली घेत आणि न्यायाधीशाला हे आधीच माहीत असे. त्याचा एक कान समोरच्या नऊ जणांकडे आणि दुसरा हायकोर्टाकडे. या प्रकारातलं बरंचसं लेखन बिघडतं ते या दुसऱ्या कानामुळे. सगळं बोलून ठेवलं म्हणजे आपण सुटलो, ही वृत्ती त्यात येते. समोरच्याला कळलं का, हा प्रश्न मागे पडतो.

आता नानावटी.

मुंबईतल्या या खटल्याची दंतकथा सर्वांना पाठ आहे. देखणा नौदल अधिकारी, इंग्रज पत्नी सिल्व्हिया, श्रीमंत मित्र प्रेम आहुजा, तीन गोळ्या, 'ब्लिट्झ'ने उठवलेलं रान, आणि गणवेशाला भुललेली ज्यूरी. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी 'निर्दोष' म्हटलं, न्यायाधीश हादरले, हायकोर्टाने निकाल फिरवला, आणि या लाजिरवाण्या प्रकारामुळे भारतातून ज्यूरीच हद्दपार झाली. कथेचं शेवटचं वाक्य तर शाळकरी सामान्यज्ञानासारखं फिरत असतं.

पण ते तसं नाही. कायदा आयोगाने ज्यूरी बंद करण्याची शिफारस आपल्या चौदाव्या अहवालात केली ती १९५८ साली. आहुजा मेला २७ एप्रिल १९५९ला. म्हणजे नानावटीने पिस्तुलाला हात लावण्यापूर्वीच ज्यूरीच्या गच्छंतीचा कागद तयार होता. नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालूच राहिली. ती कायद्यातून पूर्ण गेली ती १९७३च्या नव्या संहितेने.

सिनेमांनी या दंतकथेला हातभार लावला. 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३) आणि 'रुस्तम' (२०१६) यांच्यात अर्धशतकाचं अंतर आहे, अभिरुचीचंही. 'रुस्तम'मध्ये नायक स्वतःचा खटला स्वतःच लढवतो, त्यामुळे सगळी भाषणबाजी त्याच्या तोंडी. प्रत्यक्षात नानावटीची बाजू कार्ल खंडालावालांनी मांडली होती. ते नाट्याच्या सोयीसाठी बदललं, हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या कथांमध्ये ज्यूरी हा एक प्रेक्षकवर्ग होऊन बसते: हिरोवर भाळणारा, बाहेरच्या गर्दीचा छोटा नमुना. तिला कायदा कुणी समजावला, कसा समजावला, हा प्रश्नच उरत नाही. ज्यूरी भुलली हे एकदा ठरलं की मग सगळं सोपं होतं. लोकांना अक्कल नसते, हा निष्कर्ष कथेत आधीपासून वाट पाहत बसलेलाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१चा निकाल वाचला तर चित्र पालटतं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या या निकालात 'ब्लिट्झ'ला जागा नाही, गणवेशालाही नाही. निकालाचा बराच भाग एका माणसाच्या बोलण्याबद्दल आहे: सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता ज्यूरीला काय म्हणाले, आणि काय म्हणाले नाहीत.

बचाव असा होता की नानावटी आहुजाच्या घरी गेला तो, सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का, एवढं विचारायला. झटापट झाली आणि पिस्तूल सुटलं. अपघात. भारतीय दंडविधानात अपघाताला कलम ८०चं संरक्षण होतं, पण ते फुकट मिळत नसे. कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने आणि साधनाने केलेलं हवं, योग्य ती काळजी घेतलेली हवी, गुन्हेगारी हेतू नको. आणि पुरावा कायद्याच्या कलम १०५प्रमाणे, अशा अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असे. कोर्टाने सुरुवात करायची ती असा अपवाद नाही, असं गृहीत धरून.

हायकोर्टाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं की मेहतांनी यातलं महत्त्वाचं काही ज्यूरीला सांगितलंच नाही. अपघात सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे हे नाही. कलम ८०चे घटक कोणते हेही नाही. नऊ माणसं आत गेली ती 'खून सरकारने सिद्ध करायचा' एवढंच डोक्यात घेऊन. ते बरोबरच आहे, पण या खटल्यात ते अर्धंच होतं. घटनेनंतर इमारतीच्या पहारेकऱ्यापाशी नानावटी जे बोलला आणि सिल्व्हियाची जी पत्रं पुराव्यात होती, तेही ज्यूरीपुढे नीट ठेवलं गेलं नाही, असं वरच्या कोर्टाचं म्हणणं पडलं. इंग्रजीत याला 'मिसडायरेक्शन' म्हणतात. मराठीत 'दिशाभूल' म्हणायचा मोह होतो, पण त्या शब्दात कपट येतं. इथे कपट नव्हतं. वाट दाखवायला उभा असलेला माणूस चौकात गप्प राहिला, इतकंच.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सर्वोच्च न्यायालय चुकीच्या मार्गदर्शनापाशी थांबलं नाही. पुरावा पाहता कुठल्याही समंजस ज्यूरीने हा निकाल दिला नसता, असंही ते म्हणालं. आहुजाच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागच्या जागी होता. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत नानावटीने बायकोमुलांना सिनेमाला पोचवलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून पिस्तूल मिळवलं, आहुजाचं ऑफिस गाठलं आणि मग घर. जवळजवळ तीन तासांत रक्त थंड व्हायला वेळ होता. हे सगळं ज्यूरीलाही दिसत होतं. तेव्हा ज्यूरी अगदी निष्पाप होती असा माझा दावा नाही. पण टॉवेल आणि तीन तास यांचं कायद्यात काय करायचं हे ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यावर ते न केल्याचा सगळा ठपका कसा ठेवायचा?

मेहतांनी हा भार समजावला नाही, याचा अर्थ तो समजावणं सोपं होतं असाही नाही. उलट, त्यासाठी इंग्लंडमधल्या एका वेगळ्या बंदुकीकडे जावं लागतं, आणि सुब्बा रावांचा निकालही तिकडे जातो.

रेजिनाल्ड वूलमिंग्टन हा एकवीस वर्षांचा शेतमजूर. सोडून गेलेल्या बायकोला परत आणायला तो सासरी गेला, कोटाखाली नळी कापलेली बंदूक लपवून. तू आली नाहीस तर मी जीव देईन असं सांगायला बंदूक दाखवत होतो, ती चुकून सुटली, असं त्याचं म्हणणं. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या ज्यूरीला न्यायाधीश स्विफ्ट यांनी सांगितलं की मारल्याचं सिद्ध झालं की तो खून मानला जातो. अपघात होता हे दाखवायचं काम आरोपीचं. ज्यूरीने तासाभराहून थोड्या अधिक वेळात दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली. १९३५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली, कारण न्यायाधीशाचं ते सांगणंच चुकीचं होतं. आरोपीला काही सिद्ध करावं लागत नाही. त्याच्या सांगण्यामुळे शंका उरली तरी पुरे. इंग्रजी फौजदारी कायद्यातून सोन्याच्या धाग्यासारखं जाणारं तत्त्व म्हणून लॉर्ड सँकींनी जे सांगितलं, ते याच खटल्यात.

दोन्ही खटल्यांत बंदूक, बचाव दोन्हीकडे अपघाताचा, आणि दोन्ही निकाल कोसळले ते न्यायाधीशाच्या भाषणामुळे. फक्त दिशा उलट. स्विफ्टने आरोपीवर भार टाकला म्हणून ते चुकले. मेहतांनी टाकला नाही म्हणून ते चुकले. स्विफ्ट बिचारे अठराव्या शतकातल्या एका ग्रंथाने घालून दिलेली जुनी वाट चालत होते. मेहतांच्या हातात १८७२चा पुरावा कायदा होता, ज्यात भार कुणाचा हे छापलेलं होतं.

मग भारतात सोन्याचा धागा नाही का? आहे, पण विणकाम गुंतागुंतीचं आहे. सुब्बा रावांनी केलेली उकल थोडक्यात अशी: अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहेच. पण कलम ८०सारखा अपवाद आणि खुनाचा हेतू हे एकमेकांत अडकलेले असतात. आरोपीला अपवाद पूर्ण सिद्ध करता आला नाही तरी त्याने आणलेल्या पुराव्यामुळे मारण्याच्या हेतूबद्दलच वाजवी शंका उरली, तर खून सिद्ध होत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही हे दोनदा वाचावं लागतं. नऊ व्यापारी, कारकून, दुकानदार यांना हे एका दुपारी कसं सांगायचं?

मला वाटतं, सांगता आलं असतं. 'गृहस्थहो, आहुजा या माणसाच्या हातून मेला याबद्दल वाद नाही. गोळी चुकून सुटली असं तो म्हणतो. ते तुम्हांला पटवायची जबाबदारी त्याची आहे. अगदी खात्री पटवायला नको, पण तसं झालं असण्याची शक्यता जास्त वाटली पाहिजे. तेवढं नाही पटलं, तरी एवढ्यावर थांबू नका. त्याचं सगळं ऐकून, त्याला मारायचंच होतं का, याबद्दल तुमच्या मनात खरीखुरी शंका उरली असेल, तर खुनाचा दोष देऊ नका. आणि चुकून म्हणजे काय? भरलेलं पिस्तूल घेऊन दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीत जाणं ही योग्य काळजी होती का, हे आधी स्वतःला विचारा.' असं काहीसं. यात कलमांचे आकडे नाहीत, कायदा मात्र आहे. एखादी आजी नातवाला कुळकायदा समजावते तेव्हा ती अशीच बोलते.

भाषण अपुरं पडलं तर काय होतं ते नानावटीत दिसतं. भाषण जास्त झालं तर काय होतं, त्यासाठी त्याच मुंबईत साठेक वर्षं मागे जावं लागेल. १८९७च्या सप्टेंबरात टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी. 'केसरी'तला मजकूर मराठी, ज्यूरीतल्या बहुसंख्यांना तो वाचता येत नव्हता, त्यांच्यापुढे होती ती इंग्रजी भाषांतरं. म्हणजे आरोपीचे शब्द एका अनुवादकामार्फत आणि कायद्याचे शब्द न्यायाधीशामार्फत, असे दोन्ही त्यांना दुसऱ्याच्या तोंडून मिळाले.

कलम १२४-अ मधल्या मुख्य शब्दाचा अर्थ स्ट्रेचींनी ज्यूरीला सांगितला: शत्रुत्व, तिरस्कार, वैर, कुठल्याही प्रकारची दुष्ट भावना. त्याआधी त्यांनी तो शब्द फोडूनही दाखवला, म्हणजे सरकारविषयी प्रीती नसणं. भावना किती तीव्र आहे, हा प्रश्न फार तर शिक्षेपुरता, गुन्ह्यापुरता नाही. लिखाणामुळे खरोखर दंगा झाला का, हेही महत्त्वाचं नाही. गंमत म्हणजे हा शब्द मराठीत आणताना कायद्याच्या अनुवादांनी वापरला तो 'अप्रीती', नेमका स्ट्रेचींच्या फोडीप्रमाणे. भाषण म्हणून हे उत्तमच आहे: स्पष्ट, पायरीपायरीने जाणारं. ऐकणाऱ्याला शंका राहत नाही. तोच त्याचा दोष. सरकारवर प्रेम नसलेला कुठला संपादक यातून सुटला असता?

निकाल सहा विरुद्ध तीन. हायकोर्टातल्या ज्यूरीच्या बहुमताला किमान सहा मतं लागत आणि न्यायाधीशाची सहमती. बरोबर सहा मिळाली, युरोपीय होते तितकीच. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ साली दुसऱ्या खटल्यात ते स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले, ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते आणि मतं पडली सात विरुद्ध दोन. त्या वेळचे न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ साली वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देण्याचं काम केलं होतं. निकालानंतर टिळकांनी उच्चारलेले शब्द आज हायकोर्टात फलकावर कोरलेले आहेत. त्याच्या थोडं आधी दावर ज्यूरीला काय म्हणाले, ते मराठी माणसाला सांगता येणार नाही.

स्ट्रेचींचं भाषण मात्र मेलं नाही. नऊ माणसांसाठी एका दिवशी केलेली ती शब्दाची फोड कायद्याच्या अहवालांत छापली गेली आणि दाखला झाली. १८९८ साली कलमाला जोडलेली स्पष्टीकरणं तिच्याच वळणावर गेली. १९४२ साली फेडरल कोर्टाने तिच्यापासून अंतर राखायचा प्रयत्न केला आणि सार्वजनिक अशांततेची प्रवृत्ती हवी असं म्हटलं. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने, तेही मुंबईच्याच भालेराव खटल्यात, गाडं पुन्हा टिळक खटल्यातल्या अर्थावर आणून ठेवलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात फेडरल कोर्टाचा अर्थ उचलला. ती तारीख २० जानेवारी १९६२, नानावटीच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत. मुंबईतल्या दोन न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे केलेल्या दोन भाषणांचा हिशेब दिल्लीत एकाच हिवाळ्यात झाला. एकाने फार ठामपणे सांगितलं होतं, दुसऱ्याने हवं ते सांगितलं नव्हतं. यातून लक्षात राहिलं ते इतकंच, की ज्यूरी हा बेभरवशाचा प्रकार आहे.

ज्यूरी परत आणा, असं मला म्हणायचं नाही. टिळकांच्या दोन्ही खटल्यांतली मतविभागणी पाहिल्यावर ज्यूरीबद्दल हळवं होणं कठीण आहे. (ज्यूरीची एक दूरची नातलग आपल्याकडे अजून शिल्लक आहे. पारशी विवाह न्यायालयांत समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशासोबत बसतात.) पण ज्यूरीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. न्यायाधीशाला सामान्य माणसासमोर तोंड उघडून कायदा समजावून सांगायची सक्ती गेली. आता तोच सांगणारा आणि तोच ऐकणारा. अपवाद सिद्ध करण्याचा भार तो स्वतःच्या मनात स्वतःला समजावतो आणि मग निकालपत्रात लिहितो, अनेकदा इंग्रजीत, वरच्या कोर्टासाठी. त्या जुन्या भाषणाचा दुसरा कान तेवढा शिल्लक राहिला. खून खटल्यातला आरोपी आणि मेलेल्या माणसाची बायको निकालाच्या दिवशी बाहेर येतात आणि वकिलाला विचारतात, काय झालं? वकील दोन शब्दांत सांगतो. का झालं, हे सांगणारं त्यांना कुणी नसतं.

जिथे ज्यूरी टिकली तिथे या भाषणाने काय काय घडवलं, हे पाहिलं की आपण काय गमावलं त्याचा अंदाज येतो. इंग्लंडमधले न्यायाधीश 'वाजवी शंकेपलीकडे' हा आपला जगप्रसिद्ध शब्दप्रयोग आता सहसा वापरत नाहीत. 'तुमची खात्री झाली पाहिजे' एवढंच सांगतात, कारण 'वाजवी' म्हणजे किती, असा प्रश्न ज्यूरीकडून येई आणि त्याचं उत्तर देताना न्यायाधीश अडखळत. निकालापर्यंत कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे याचा कागदही ज्यूरीच्या हाती देतात. कॅलिफोर्नियाने २००६पासून फौजदारी खटल्यांसाठीच्या सूचना साध्या इंग्रजीत नव्याने लिहून लागू केल्या. अमेरिकेतली पद्धत मला तरी थोडी यांत्रिक वाटते. तिथला न्यायाधीश बहुतेक ठिकाणी पुराव्यावर भाष्य न करता तयार मजकूर वाचतो, आणि ल्युमेटच्या न्यायाधीशाचा तो कंटाळा बहुधा त्यातूनच आलेला आहे. पण मजकूर कळतो का, याची चिंता कुणीतरी सरकारी खर्चाने करतं, ही काही थोडी गोष्ट नव्हे. आपल्याकडे साध्या मराठीतल्या कायद्याची चळवळ पारिभाषिक कोशापाशी थांबली आणि 'अप्रीती'सारखे शब्द देऊन मोकळी झाली.

नानावटीवरचा पुढचा सिनेमा कुणी केलाच, तर त्यात एक प्रसंग असावा असं वाटतं. आठ विरुद्ध एक असा निकाल आला, कोर्टाबाहेर जल्लोष सुरू झाला, आणि मेहतांनी कलम ३०७खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. समंजस माणसांचा कुठलाही गट अशा निष्कर्षाला आला नसता, असं त्यांचं मत पडलं. हायकोर्टात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी पुढे ते मान्य केलं, नानावटीला जन्मठेप दिली, आणि मेहतांच्या भाषणातल्या चुकाही मोजल्या.

जुन्या संहितेच्या कलम २९८मध्ये एक तरतूद होती. ज्यूरीपुढे पुराव्याचा सारांश मांडताना न्यायाधीशाला, योग्य वाटल्यास, घटनांबद्दलचं स्वतःचं मतही सांगायची मुभा होती. ज्यूरीवर ते बंधनकारक नसे, पण ते ऐकूनच ती आत जाई. हायकोर्टाला पाठवलेलं ते मत कागदावर उतरलं तेव्हा नऊही जण आपापल्या घरी पोचलेले होते.